जिंकलेली ट्रॉफी आणि जिंकल्याची बातमी

भाचीनं इंग्रजी ग्रामरच्या टेस्टचा कागद माझ्यासमोर आपटला तेव्हा मी पोह्यांवर जीरावण मसाला घालत होतो. वीसपैकी अकरा. "मामा, तुम्हीच बघा. क्लासमध्ये सांगितलं होतं की नामाच्या मागोमाग दॅट आला की अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज लिहून मोकळं व्हायचं. मी तसंच लिहून आली, तर निम्म्यांवर काट."

इंदूरच्या भंवरकुव्यात, कोचिंग क्लासेसच्या गल्ल्यांमध्ये, असे तोडगे ढिगानं मिळतात. निम्म्या वेळा ते लागूही पडतात, म्हणून तर टिकून आहेत. मी तिची वही ओढली आणि दोन ओळी एकीखाली एक लिहिल्या:

द ट्रॉफी दॅट एमपी वन.

द न्यूज दॅट एमपी वन.

"शेवटचे तीन शब्द दोन्हीकडे तेच आहेत ना? दॅट एमपी वन. अक्षराचाही फरक नाही. पण वरचं विशेषणवाक्य आहे, म्हणजे तुझा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, आणि खालचं नामवाक्य, म्हणजे नाउन क्लॉज. तुझे नऊ मार्क इथे गेलेत."

उदाहरण मुद्दाम घरातलं घेतलं. 2022 च्या जूनमध्ये मध्य प्रदेशनं, म्हणजे एमपीनं, बंगळूरला मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी ट्रॉफी जिंकली, तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. माझी बायको दादरची, तिच्या माहेरचे सगळे मुंबईकडून. मी पडलो इंदूरचा. होळकरांच्या संघानं चार वेळा रणजी जिंकल्याच्या, त्याचे कर्णधार सी. के. नायडू यांच्या षटकारांच्या गोष्टी ऐकत वाढलेला. ती बातमी अन् ती ट्रॉफी या घरात कोणी विसरणार नाही.

ट्रॉफीकडे वळण्याआधी नामवाक्य म्हणजे काय ते उरकून घेऊ, कारण तिथे फारसं अवघड काही नाही. वाक्यात नामाची म्हणून काही आसनं असतात. कर्त्याचं एक, कर्माचं एक, 'इज'च्या पुढचं पूरकाचं एक, 'ऑन', 'अबाउट', 'ऑफ' यांसारख्या शब्दांच्या नंतरचं एक. त्या आसनावर एकटं नाम न बसता आख्खं वाक्य येऊन बसलं, कर्ता-क्रियापदासकट, की ते नामवाक्य. 'आय नो द आन्सर' यात कर्माच्या जागी 'आन्सर' आहे. 'आय नो दॅट ही इज लाइंग' यात त्याच जागी तो खोटं बोलत असल्याचं सगळं प्रकरण. मराठीत आपण म्हणतो, 'तो खोटं बोलतोय हे मला माहीत आहे.' त्या 'हे'वर बोट ठेवा. मराठी माणूस वाक्याला नाम करायचं असलं की त्याच्यापुढे 'हे' किंवा 'ते' ठेवतो. 'तू कुठे गेली होतीस ते सांग.' 'गाडी कधी येणार हे कोणालाच ठाऊक नाही.' इंग्रजी वाक्याचं मनात मराठी केलं आणि त्या तुकड्यापुढे 'हे' किंवा 'ते' आपसूक आलं, की नामवाक्य असण्याची शक्यता दाट.

इंग्रजीला एक खोड आहे. डोकं जड झालेलं वाक्य तिला आवडत नाही. 'दॅट द शॉप इज क्लोज्ड इज ट्रू' हे व्याकरणात बसतं, पण असं कोणी बोलत नाही. मग पुढे एक पोकळ 'इट' उभा करायचा आणि खरा कर्ता शेवटी न्यायचा: 'इट इज ट्रू दॅट द शॉप इज क्लोज्ड.' हा 'इट' म्हणजे लग्नाच्या पंगतीत कोणासाठी तरी जागा धरायला ठेवलेला रुमाल. मराठीतही 'हे खरं आहे की दुकान बंद आहे' अशी रचना चालते. तिथला 'हे'सुद्धा रुमालच. 'दुकान बंद आहे हे खरं' ही जुनी वळणाची पद्धत मला जास्त गोड लागते, पण तो माझा हट्ट.

आता ट्रॉफी.

भाचीला म्हटलं, दोन्ही ओळींचं मराठी कर. ती इंदूरची पोर, तिची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली. तरी तिनं पटकन केलं: "एमपीनं जी ट्रॉफी जिंकली ती. आणि... एमपी जिंकली ही बातमी."

"थांब. पहिल्यात 'जी-ती' आणि दुसऱ्यात 'ही', असं का केलंस?"

"असंच येतं."

असंच येतं, हेच तर सगळं आहे. उलट करून बघा. 'एमपीनं जी बातमी जिंकली ती' म्हटलं की हसू येतं, बातमी कोण जिंकतं? 'एमपी जिंकली ही ट्रॉफी' म्हटलं की वाक्य लंगडतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'दॅट' उभा आहे, म्हणून तिथे गोंधळ होतो. मराठीनं या दोन कामांसाठी दोन वेगळी माणसं ठेवली आहेत. कुठली ट्रॉफी, हे ओळखायला 'जो-जी-जे'. कसली बातमी, तिच्या आत काय आहे, हे सांगायला 'असा-अशी-असं', 'हा-ही-हे' किंवा 'की'.

आणखी मजेची गोष्ट म्हणजे हाच फरक आपण धातुसाधितांतही, म्हणजे क्रियापदांपासून बनलेल्या शब्दांतही, पाळतो, तोही नकळत. जिंकलेली ट्रॉफी. जिंकल्याची बातमी. '-लेली' आणि '-ल्याची'. जिंकलेली बातमी कोणी म्हणत नाही, जिंकल्याची ट्रॉफीही नाही. चोरलेली अंगठी आणि चोरल्याचा आरोप. ऐकलेलं गाणं आणि ऐकल्याचा भास. मराठी पेपर उघडला तर '-ल्याचा' प्रकारची रांगच दिसते: असल्याचा दावा, झाल्याची माहिती, केल्याचा आरोप, मिळाल्याचा आनंद, फसवल्याची तक्रार. यातलं बहुतेक इंग्रजीत नेलं की नामाला चिकटलेला तो 'दॅट' क्लॉज तयार होतो: द क्लेम दॅट, द अ‍ॅलेगेशन दॅट, द कम्प्लेंट दॅट.

नामाला असं चिकटून त्याच्या पोटातलं सांगणाऱ्या नामवाक्याला इंग्रजी व्याकरणात अ‍ॅपोझिटिव्ह क्लॉज म्हणतात. मराठी व्याकरणात अ‍ॅपोझिशनला समानाधिकरण असा शब्द आहे. शब्द दणदणीत, अर्थ साधा: दोघं एकाच पाटावर बसलेले. 'अहिल्याबाई, होळकरांची सून, महेश्वरहून राज्य करत असे' या वाक्यात 'अहिल्याबाई' आणि 'होळकरांची सून' एकाच पाटावर आहेत, दोन्ही शब्द एकाच व्यक्तीचे. 'द फॅक्ट दॅट अहिल्याबाई रूल्ड फ्रॉम महेश्वर' यात तसंच 'फॅक्ट' आणि 'तिनं महेश्वरहून राज्य केलं' हे एकाच पाटावर. फॅक्ट म्हणजेच ते, आणि ते म्हणजेच फॅक्ट. (इंदूरचा राजवाडा बघायला आलेल्या पाहुण्यांना या फॅक्टचा दर वेळी धक्का बसतो, म्हणून माझ्या तोंडी हे उदाहरण बसलंय.)

म्हणून परीक्षेत सगळ्यात सोपी कसोटी ही. मधे 'इज' घालून बघा. 'द न्यूज इज दॅट एमपी वन.' चाललं. 'द ट्रॉफी इज दॅट एमपी वन.' नाही चाललं. चाललं तर अ‍ॅपोझिटिव्ह.

दुसरी कसोटी 'व्हिच'ची. 'द ट्रॉफी व्हिच एमपी वन' म्हणता येतं, 'द न्यूज व्हिच एमपी वन' म्हणता येत नाही. या दोन्ही कसोट्या पाठ करून पोरं पास होतात. पण त्या का लागू पडतात ते कळलं की पाठ करावं लागत नाही.

कारण असं आहे. 'दॅट एमपी वन' हा तुकडा ट्रॉफीच्या वाक्यात अपुरा आहे. एमपीनं जिंकलं काय? त्या 'काय'ची जागा मोकळी आहे आणि ट्रॉफी तिथूनच उचलून पुढे आणलेली आहे. तिथला 'दॅट' त्या ट्रॉफीचाच प्रतिनिधी, म्हणजे सर्वनाम. त्याच्या जागी 'व्हिच' हे दुसरं सर्वनाम बसतं. बातमीच्या वाक्यात मात्र मोकळी जागा नाही. एमपी जिंकली, विषय संपला. आत सगळं भरलेलं, बाहेरून कोणाला आणून बसवायची सोय नाही. तिथला 'दॅट' कोणाचा प्रतिनिधी नाही, तो नुसता दाराची कडी. आणि कडीच्या जागी सर्वनाम लावता येत नाही.

म्हणून मी भाचीला सांगितलं, क्लॉज उचल, 'दॅट' काढून टाक आणि उरलेलं एकटं उभं राहतं का बघ. 'द बुक दॅट आय बॉट' मधून उरतं 'आय बॉट'. मी विकत घेतलं... काय घेतलं? पडलं. 'द फीअर दॅट आय विल फेल' मधून उरतं 'आय विल फेल'. उभं राहिलं. 'द बॉय दॅट कॅन विन' मधून 'कॅन विन' उरतं, ते कर्त्यावाचून पडतं, म्हणजे तेही विशेषणवाक्य. एक फट मात्र आहे: 'विन', 'ईट', 'राइट' असल्या क्रियापदांना कर्म असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं, तिथे ही कसोटी एकटी कामाची नाही; 'एमपी वन' दोन्हीकडे उभंच राहतं. अशा वेळी नामाकडे बघायचं.

आणि नामाकडेच बघितलेलं बरं, कारण हे भाग्य प्रत्येक नामाला मिळत नाही. टेबल, ट्रॉफी, सायकल, जिलबी यांच्या पोटात वाक्य मावत नाही. मावतं ते न्यूज, फॅक्ट, आयडिया, होप, फीअर, बिलीफ, रूमर, क्लेम, प्रॉमिस, पॉसिबिलिटी, एव्हिडन्स, फीलिंग, कन्क्लूजन अशांच्या. या नामांना मी डबे म्हणतो. स्वयंपाकघरातल्या फळीवर 'हळद', 'साखर' अशा चिठ्ठ्या लावलेले डबे असतात ना, तसे. 'रूमर' ही चिठ्ठी, आतला माल म्हणजे अ‍ॅपोझिटिव्ह क्लॉज. सायकल हा डबा नाही, तिला चिठ्ठी लावली तरी आत काही घालता येत नाही. यातले कितीतरी डबे क्रियापदांतून आलेले आहेत. बिलीव्हवरून बिलीफ, क्लेमवरून क्लेम, कन्क्लूडवरून कन्क्लूजन. 'ही बिलीव्ह्ज दॅट' असं जे क्रियापद आपल्यामागे 'दॅट' घेत होतं, ते नाम झाल्यावरही तो 'दॅट' सोडत नाही. 'फॅक्ट' आणि 'न्यूज' मात्र तसे नाहीत, ते जन्मजात डबे.

डेन्मार्कचे मोठे व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी असल्या वाक्यांना 'कंटेंट क्लॉज' असं नाव दिलं होतं. कंटेंट म्हणजे आतला माल. माझा डबा त्यांच्याकडून उसना घेतला म्हणा. आजही काही व्याकरणकार म्हणतात की 'द होप दॅट' यातला क्लॉज खरा समानाधिकरण नाहीच, ते त्या नामाचं पूरक आहे, आणि अ‍ॅपोझिटिव्ह हे नावच टाकून द्यावं. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पण भाचीच्या टेस्टमध्ये पर्याय अ‍ॅपोझिटिव्ह याच नावाचा असतो, तर ते भांडण प्राध्यापकांना करू दे.

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त आनंद झाला तो दुसऱ्याच एका गोष्टीनं. मराठी व्याकरणात 'की', 'म्हणजे', 'म्हणून', 'जे' यांना स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात, आठवतं? स्वरूपबोधक, म्हणजे आधी सांगितलेल्या गोष्टीचं स्वरूप काय ते उलगडणारं. शाळेत 'की' समजलं, 'म्हणून' समजलं, पण त्या यादीत 'जे' काय करतंय ते कोणी सांगितलं नव्हतं. पुढे जुन्या मोडी पत्रांची छापील रूपं वाचायची चटक लागली. पेशवाईतली पत्रं काय, होळकर-शिंद्यांच्या दरबारची काय, मायना संपला की मजकुराच्या तोंडाशी येतं: 'विनंती विज्ञापना ऐसीजे'. ऐसी जे. विज्ञापना अशी आहे की... आणि मग सगळा मजकूर. विज्ञापना हा डबा, 'ऐसी' ही चिठ्ठी, 'जे' ही कडी, आणि पुढचं आख्खं पत्र हा अ‍ॅपोझिटिव्ह क्लॉज! घोडे, रसद, चौथाई, तब्येत, सगळं एका 'ऐसीजे'च्या पोटात. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हे येणार आहे का परीक्षेत?" नाही येणार.

आजच्या बोलण्यात 'जे' गेलं आणि 'की' मातब्बर झाला. त्यामागे फारसीचा प्रभाव आहे असं बरेच अभ्यासक मानतात. इंदुरात तर हिंदीचा 'कि' शेजारीच राहतो, म्हणून आमच्याकडे प्रत्येक वाक्य 'की'वर टेकलेलं. 'मला बोलली की', 'असं आहे की', 'बात अशी की'. परभणीकडची एक पाहुणी एकदा म्हणाली होती, तुम्ही लोक 'तो येतो म्हणाला' असं म्हणतच नाही, सारखं 'तो म्हणाला की'. खरंच आहे तिचं.

या 'की'नं आमची इंग्रजी एका ठिकाणी पक्की बिघडवली आहे. मराठीत 'की'च्या पुढे माणसाचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात. 'बाबा म्हणाले की मी उद्या येतो.' यातला 'मी' म्हणजे बाबा. इंग्रजीत 'दॅट' लावल्यावर ही सवलत नाही. 'फादर सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो' लिहिलंत तर येणार तुम्ही, बाबा नाही. तिथे 'ही' पाहिजे, आणि 'सेड' भूतकाळी असल्यानं बहुतेक वेळा मागोमाग 'वॉज' किंवा 'वुड': 'फादर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' बँकेत तीस वर्षं मी हीच चूक लाल पेननं गोल करत आलो. 'द कस्टमर स्टेटेड दॅट माय पासबुक इज लॉस्ट.' कुणाचं पासबुक हरवलं, गिऱ्हाइकाचं की कारकुनाचं?

दुसरी घरोघरची चूक प्रश्नाची. 'टेल मी व्हेअर इज ही.' मराठीत 'तो कुठे आहे?' हा प्रश्न आणि 'तो कुठे आहे ते सांग' यातला तुकडा यांच्यात शब्दांचा क्रम अजिबात बदलत नाही, म्हणून इंग्रजीतही आपण बदलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न नामाच्या आसनावर बसला की त्यानं पागोटं उतरवून नेहमीच्या क्रमात बसायचं: 'टेल मी व्हेअर ही इज.' 'आय डोन्ट नो व्हॉट दिस इज.' 'डू', 'डिड'ही गळून पडतात. 'व्हॉट डिड शी से'चं होतं 'व्हॉट शी सेड'. आणि हो-नाहीच्या प्रश्नाला, आपल्या 'की नाही'ला, 'व्हेदर' लावा. 'इफ'ही लागतो, पण फक्त 'आस्क', 'नो', 'वंडर' अशा क्रियापदांच्या नंतर. वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून, 'ऑन', 'अबाउट'च्या नंतर किंवा 'क्वेश्चन'सारख्या डब्यात 'व्हेदर'च. 'तो येणार की नाही हा प्रश्न' म्हणजे 'द क्वेश्चन व्हेदर ही विल कम'.

तिसरी: 'आय अ‍ॅम शुअर ऑफ दॅट ही विल कम.' 'ऑफ', 'ऑन', 'अबाउट' यांना आपल्यानंतर 'दॅट' क्लॉज सोसत नाही. एक तर तो अडथळा काढा, 'शुअर दॅट'. नाही तर मधे डबा ठेवा: 'अबाउट द फॅक्ट दॅट', 'इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट'. इंग्रजी कागदपत्रांत 'द फॅक्ट दॅट' इतक्या वेळा का दिसतं याचं निम्मं उत्तर हे. फॅक्टला तिथे फारसा अर्थ नसतो, तो पूल असतो. 'द रीझन इज बिकॉज' लिहिणाऱ्यांना मात्र मी आता काही बोलत नाही, जाणते लोकही तसं बोलतात. परीक्षेत 'दॅट' लिहा.

'डाउट'वर मात्र थांबावंच लागेल, कारण तिथे नामवाक्य बरोबर असून अर्थ उलटा होतो. 'मला शंका आहे की तो चोर आहे' म्हणजे मला वाटतं की तो चोर असावा. याचं आपण 'आय डाउट दॅट ही इज अ थीफ' करतो आणि त्याचा अर्थ होतो, तो चोर असेल असं मला वाटत नाही. माणूस सुटला की! मराठी 'शंका' हवी असेल तर 'सस्पेक्ट' किंवा 'सस्पिशन दॅट'.

उलट एका जागी मराठी आपल्याला फुकटात वाचवते. 'त्यानं राजीनामा द्यावा अशी मागणी' हे घ्या. हे 'देतो' नाही, 'दिला' नाही, 'द्यावा' आहे. विध्यर्थ. मागणी, सूचना, हुकूम, शिफारस या डब्यांत आपण घडलेली गोष्ट भरतच नाही, घडावी अशी गोष्ट भरतो. इंग्रजीतही तसंच, फक्त त्यांचा विध्यर्थ उघडा-बोडका असतो: 'द डिमांड दॅट ही रिझाइन'. 'रिझाइन्स' नाही. 'द ऑर्डर दॅट द शॉप बी क्लोज्ड'. 'इज' नाही. पोरांना तिथे 'एस' राहिल्यासारखा वाटतो आणि ती तो प्रेमानं लावतात. मनात 'द्यावा' म्हणा, हात थांबेल. ब्रिटिश वळणात 'दॅट ही शुड रिझाइन' असंही लिहितात.

आता माझ्याच कसोटीतली एक गाठ, जी भाचीनं शोधली, मी नाही. ती म्हणाली, "मामा, तुम्ही बोललात 'जे-ते' आलं की विशेषणवाक्य. मग 'ही गेव्ह मी व्हॉट आय वॉन्टेड'चं मराठी काय? मला जे हवं होतं ते त्यानं दिलं. 'जे-ते' आलं. पण पुस्तकात नामवाक्य लिहिलंय."

बरोबर पकडलं. फरक इतकाच की इथे 'जे'च्या जोडीला नामच नाही. 'जी ट्रॉफी', 'जो मुलगा' म्हणताना जे नाम असतं ते इथे 'व्हॉट'नं गिळलेलं आहे. विशेषणाला टेकायला नाम नसलं की ते स्वतःच नामाच्या आसनावर चढतं, जसं आपण 'लाल दे' म्हणतो तेव्हा 'लाल' हेच नाम होतं. म्हणून 'जी-जो-जे'ची कसोटी नाम समोर असेल तेव्हाच लावायची. तसाच 'व्हॉट'चा दुसरा अवतार प्रश्नाचा, त्याला मराठीत 'काय' लागतं: 'आय नो व्हॉट यू वॉन्ट', तुला काय हवंय ते मला माहीत आहे. दोन्ही नामवाक्यंच, पण 'जे' आणि 'काय' यांतला हा भेद इंग्रजीला दिसत नाही, मराठीला दिसतो.

'दॅट' कधी गाळायचा, हा प्रश्न उरतो. 'से', 'थिंक', 'नो'च्या मागे बिनधास्त गाळा: 'आय थिंक ही इज होम.' विशेषणवाक्यात 'दॅट' कर्माची जागा धरत असेल तर गाळता येतो, 'द ट्रॉफी एमपी वन'. अ‍ॅपोझिटिव्हमध्ये सहसा ठेवलेला बरा. 'द न्यूज एमपी वन' लिहिलं तर वाचणारा क्षणभर बातमीच जिंकायला निघतो. स्वल्पविरामाचं म्हणाल तर 'द फॅक्ट दॅट', 'द न्यूज दॅट' यांच्यात तो घालू नका. डबा आधीच ओळखीचा असेल, 'हिज ओन्ली फीअर, दॅट ही वुड फेल, केम ट्रू' असं, तेव्हा दोन्ही बाजूंनी घाला, एकाच बाजूनं नको.

पोहे केव्हाच गार झाले होते. उठता उठता मी तिच्या वहीत शेवटचं एक लिहिलं: 'द रूमर दॅट शी फरगॉट'. "हे कसलं वाक्य, विशेषणाचं की नामाचं?"

तिनं 'व्हिच' घालून बघितलं. बसलं. 'इज' घालून बघितलं. तेही बसलं. पेनचं टोपण दाताखाली चावत बराच वेळ गेला. आतून तिची आजी ओरडली की क्लासची वेळ झाली.

"विसरलेली अफवा," ती हळूच म्हणाली, "आणि विसरल्याची अफवा." मग माझ्याकडे बघून, "टेस्टमध्ये हे आलं तर टिक कशाला करायची?"

"पुढचं वाक्य वाचून ठरवायचं."

"आणि पुढचं वाक्य दिलंच नसलं तर?"

"तर सरांना विचार," मी म्हटलं, "आणि ते काय म्हणाले ते मला येऊन सांग."